वाचकांचे प्रश्न: टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला ऑल-टेरेन टायर घ्यावेत का?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, कामाची गाडी, मागची दोनच चाकं ओढणारी, आणि तिला एटी म्हणजे ऑल-टेरेन टायर टाकायचे की नाही. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून सगळा अंक त्यालाच दिलाय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत आटपलीत, जिथे सांगण्यासारखं होतं तिथे हात आखडला नाही.

नमस्कार दादा, माझं इलेक्ट्रिक फिटिंगचं काम आहे. साधा पिकअप आहे, टू-व्हील ड्राइव्ह. हौद्यात शिडी, वायरची बंडलं, टूलबॉक्स, म्हणजे वजन फार नसतं. रोजचा रस्ता बहुतेक डांबरीच, पण साईटवरचे शेवटचे दोनशे-तीनशे मीटर कच्चे असतात आणि पाऊस पडला की नेमका तिथेच रुततो, मागच्या महिन्यात दोनदा जेसीबीने ओढून काढावं लागलं. एक मित्र म्हणतो एटी टाक, प्रश्न मिटला. दुसरा म्हणतो टू-व्हीलला एटी म्हणजे पैसे पाण्यात. कोणाचं ऐकू?

भाऊ, दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलतायत. आधी गाडी का रुतते ते बघू, कारण ते कळलं की टायरचं आपोआप ठरतं.

पुढच्या वेळी गाडी अडकली की खाली उतरा आणि कोणाला तरी हळूच ॲक्सिलरेटर द्यायला सांगून मागच्या दोन चाकांकडे बघा. एक चाक गरागरा फिरत असेल, चिखल उडवत असेल, आणि दुसरं, जे बहुतेक वेळा बऱ्या जागेवर असतं, ते ढिम्म उभं असेल. साधा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचं बळ मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा, असतोच तसा, तो दोन्ही चाकांना सारखंच बळ देतो आणि किती देतो तर सगळ्यात कमी पकड असलेल्या चाकाला जेवढं पेलवेल तेवढंच. म्हणजे एक चाक ओल्या गवतावर गेलं की दुसरं कोरड्या खडीवर असलं तरी त्याला त्या गवताइतकंच बळ मिळणार. त्यात तुमचा हौदा रिकामा. रिकाम्या पिकअपचं वजन इंजिनाकडे जास्त असतं, मागची चाकं, जी ओढणार आहेत, तीच हलकी पडतात. फोर-व्हीलवाल्याला पुढच्या दोन चाकांचा आधार असतो, तुम्हाला नाही.

आता एटी टायर यात काय करतो? त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे, खाचा रुंद आणि खोल, नवीन टायरला साधारण १० ते १३ मिलिमीटर, आणि खांद्यालाही दात असतात. त्यामुळे खडी, मुरूम, ओलं गवत, वरवरचा चिखल अशा ठिकाणी तो जमीन धरतो. हायवे टायरच्या खाचा बारीक असतात, त्या पहिल्या फेऱ्यातच मातीने भरतात आणि मग चिखलावर चाक गुळगुळीत रूळ फिरवल्यासारखं फिरतं. तर हो, तुमच्या दोनशे मीटरांत फरक पडेल आणि चांगला पडेल. पण डिफरन्शियल तोच राहणार, रिकामा हौदा तोच राहणार. एटीने टू-व्हीलची फोर-व्हील होत नाही, तुमच्या अडकायच्या जागा कमी होतात एवढंच, आणि कामाच्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं.

म्हणून टायरच्या आधी दोन गोष्टी करून बघा, दोन्ही जवळपास फुकट आहेत. पहिली, वाळूच्या पिशव्या, साधारण ८० ते १०० किलो, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवा. अगदी मागच्या फळीजवळ नको, तिथे ठेवल्या तर पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंग सैल वाटायला लागतं. आणि त्या पट्ट्याने आवळून बांधा, कारण कचकन ब्रेक मारला तर सुटी पिशवी थेट केबिनच्या मागच्या काचेवर येते. हे वजन गाडीच्या एकूण लोडमध्ये धरायचं, विसरायचं नाही. दुसरी गोष्ट हवा, तिच्याबद्दल खाली एका पत्रात सविस्तर लिहिलंय.

अजून एक, हे जुन्या ड्रायव्हर लोकांकडून शिकलेलं. एक चाक जागच्या जागी फिरत असेल आणि हँडब्रेक हाताने ओढायचा, मागच्या दोन्ही चाकांवर लागणारा असेल तर तो एक-दोन खाचा हलकेच ओढा आणि अगदी हळू ॲक्सिलरेटर द्या. फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा मिळाला की डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही जास्त बळ देतो आणि बरेचदा गाडी सुटते. नवीन गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम ब्रेक लावून आपणहून करतं. फक्त खोल वाळूत किंवा चिखलात ते इंजिनाचा जोरच कापून टाकतं, तेव्हा बटण असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा.

एवढं करूनही अडकत असाल तर एटी घ्या, पण मध्यम नक्षीचा. ठोकळे फार दूर दूर नाहीत, प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा आहेत असा बघा. तुमची बहुतेक धाव डांबरावर आहे आणि ओल्या डांबरावर त्या चिराच कामाला येतात. एमटी म्हणजे मड टायर बघूसुद्धा नका, दिसायला रुबाबदार असतात पण ओल्या डांबरावर ब्रेकला मागे पडतात, आवाज करतात आणि लवकर झिजतात. ते रोज चिखलात जाणाऱ्या माणसाचे.

सर, मी बांधकामाचं सामान पोचवतो. सिमेंट, टाइल्स, कधी सळई. टू-व्हील ड्राइव्ह पिकअपच आहे. दुकानात एटी टायर बघितला, नक्षी एक नंबर, खाचा खोल, माप पण तेच. पण शेजारी त्याच मापाचा, त्याच नक्षीचा दुसरा टायर होता, त्याच्या मापाच्या आधी एलटी लिहिलेलं आणि किंमत बरीच जास्त. हाताला दोन्ही सारखेच लागतात. फरक काय?

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण हीच चूक मी स्वतः केलीय.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडेही लोडिंगची गाडी होती. टायर गुळगुळीत झाले म्हणून बदलले, नक्षी बघितली, माप जुळवलं आणि बसवले, त्यावरचे बाकीचे आकडे वाचलेच नाहीत. काही महिने मजेत गेले. मग एका दुपारी, हौदा भरलेला, ऊन तापलेलं, मी चहासाठी थांबलो आणि सवयीने टायरवरून हात फिरवला. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा फुगा आला होता. साईडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत, तिच्यातले दोरे तुटले की असा फुगा येतो, आणि फुगा आला की तो टायर कधी फुटेल याचा भरवसा नाही. अर्धा तास थांबलो नसतो तर तो भरल्या गाडीनिशी उतारावर फुटला असता. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगत आलोय की कामाच्या गाडीला आधी वजन बघा, मग नक्षी.

तर फरक असा. मापाच्या आधी पी असेल किंवा काहीच नसेल तर तो मुळात प्रवासी गाडीच्या हिशोबाने बनलेला टायर. एलटी म्हणजे लाइट ट्रक. त्याचा सांगाडा जाड, साईडवॉल कडक, त्यात हवा जास्त भरता येते आणि हवा जास्त म्हणून वजन जास्त पेलतो. एलटीवर लोड रेंजचं अक्षर असतं. सी म्हणजे ६ प्लाय रेटिंग, डी म्हणजे ८, ई म्हणजे १०. पूर्वी सुती दोऱ्याचे थर मोजून हा आकडा यायचा, आता आत खरोखर तेवढे थर नसतात, फक्त ताकद सांगायची पद्धत म्हणून आकडा राहिलाय. बहुतेक मापांत सी ला जास्तीत जास्त ५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), डी ला ६५ आणि ई ला ८० हवा चालते.

खरा आकडा मात्र लोड इंडेक्स, तो मापाच्या शेवटी असतो. ९८ म्हणजे एका टायरला ७५० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. एलटीवर १२१/११८ असे दोन आकडे दिसतील, त्यातला दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी, आपण पहिला बघायचा. आणि एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. पी टायर पिकअपला लावला तर त्याची लिहिलेली क्षमता १.१ ने भागून धरायची, कारण पिकअपमध्ये वजन मागेपुढे हलतं आणि चाकांवर ताण येतो. म्हणजे ११२ लिहिलेला पी टायर पिकअपवर साधारण १०१८ किलोचाच समजायचा.

तुमच्यासाठी एवढं करा. पूर्ण भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या ॲक्सलचं वजन घ्या. समजा १८०० किलो आलं, तर एका चाकावर ९००, पण माल कधीच मधोमध नसतो, वळणावर एकच बाजू दबते, म्हणून वर भरपूर वाव ठेवायचा. सिमेंट आणि सळईवाल्याला मी एलटीच सांगेन, भले नक्षी साधी असली तरी चालेल. साईटवर खिळे, तुटक्या टाइलच्या कडा, सळईची टोकं असतात, तिथेही जाड साईडवॉल उपयोगी पडते. टायरच्या तळव्यातलं पंक्चर निघतं, साईडवॉल फाटली की टायर गेला.

पण तोटेही ऐका. एलटी जड असतो, रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर जास्त आपटते, डिझेल थोडं जास्त जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एलटी टायर पी टायरएवढ्याच हवेवर तेवढंच वजन पेलत नाही. ३५ पीएसआयवर चालणाऱ्या पी च्या जागी एलटी बसवला तर त्याच वजनाला चाळिशीच्या पुढे जावं लागतं. नक्की किती ते टायर कंपनीच्या लोड आणि हवेच्या तक्त्यात मिळतं, दुकानदाराकडे मागा, त्याच्याकडे असायलाच हवा. ६५ च्या वर हवा भरणार असाल तर साधे रबरी व्हॉल्व्ह बदलून जास्त दाबाचे, धातूचे घ्या, आणि रिम तेवढा दाब झेलणारी आहे का ते बघा. आणि टायर कितीही दणकट घेतला तरी गाडीची लोडची मर्यादा वाढत नाही. पाटे, ॲक्सल, ब्रेक, सगळे तेच असतात. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर जे वजन लिहिलंय तेच शेवटचं.

दादा, माझं बागा करून द्यायचं काम आहे, माती, खत, रोपं. ओढतात मागचीच चाकं, मग मागच्या दोनलाच एटी टाकले आणि पुढे हायवे टायरच ठेवले तर? निम्मे पैसे वाचतील.

पैसे वाचतील हे खरं आणि कच्च्यात चालेलही. टू-व्हीलमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडलेली नसतात त्यामुळे फोर-व्हीलसारखं गिअरबॉक्सला नुकसान होत नाही, त्या बाजूने काळजी नाही.

माझी काळजी ओल्या डांबराची आहे. तिथे हायवे टायर बहुतेक एटीपेक्षा जास्त पकड देतात. म्हणजे तुमच्या गाडीत पुढचं टोक रस्ता धरून आणि मागचं टोक सैल, त्यात हौदा रिकामा. ओल्या वळणावर घाईत ब्रेक मारला की मागचं टोक आधी सुटणार आणि गाडी फिरणार. पुढचं टोक घसरलं तर माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि बरेचदा सावरतो, मागचं सुटलं की सावरायला सवय असावी लागते आणि तेवढा वेळही मिळत नाही. म्हणून माझं मत चारही सारखे. दोन एटी घेण्यापेक्षा थोड्या कमी नावाचे पण बरोबर लोड रेटिंगचे चार घ्या. तेही जमत नसेल आणि नाइलाजाने दोनच घेतलेत तर मागे टाका, पण पावसात हौदा रिकामा घेऊन वेगात जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय.

याच्याशी जोडून एक नियम, एका ॲक्सलवरचे दोन टायर माप, नक्षी आणि झीज तिन्हीत जुळलेच पाहिजेत. मागे एक नवा एक जुना असेल तर दोघांचा घेर वेगळा, मग सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल आत सतत फिरत राहतो. लिमिटेड स्लिपवाल्या, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफरन्शियल असलेल्या गाडीत त्याच्या आतल्या प्लेटा यानेच खराब होतात. स्टेपनीलाही हेच लागू. चार एटी घेतले आणि स्टेपनी जुन्या लहान मापाची तशीच राहिली तर ती मागे लावून लांब जायचं नाही. जमलं तर पाच घ्या.

२४५/७५ आर १६ च्या जागी एक माप मोठा, २६५/७५ आर १६ टायर बसवला तर गाडी उंच होईल ना? बसतोय असं टायरवाला म्हणतो.

बसतोय आणि चालतोय यात फरक आहे. तुमचं आत्ताचं माप २४५/७५ आर १६, म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंच. एकूण व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर. तुम्ही म्हणताय ते २६५/७५ आर १६ सुमारे ८०४. व्यास ३० ने वाढला, गाडी वर येणार त्याच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटिमीटर. तेवढ्यासाठी स्पीडोमीटर जवळपास ४ टक्के कमी दाखवणार, काटा १०० वर असेल तेव्हा गाडी १०४ ने जात असेल. पहिल्या गिअरची ओढ त्याच प्रमाणात कमी होणार, ब्रेकला जास्त जड चाक थांबवावं लागणार, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेलात की टायर आतल्या प्लास्टिकला घासणार. टू-व्हील कामाच्या गाडीत तर खालच्या गिअरची ओढच कच्च्या चढावर तारते, ती घालवू नका. कंपनीचंच माप ठेवा.

दादा, आमच्याकडे बर्फ पडतो. टायरवर एम प्लस एस लिहिलंय, मग बर्फाला चालेल ना?

एम प्लस एस म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ही खूण नक्षीच्या ठेवणीवरून मिळते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तुम्हाला हवंय ते दुसरं चिन्ह, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण. ते असेल तर टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत उतरलाय. काही एटीवर असतं, काहींवर नसतं, त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या टायरलाही एका मापात असतं आणि दुसऱ्या मापात नसतं, म्हणून जाहिरात नको, टायर हातात घेऊन साईडवॉल बघा. पण ती चाचणी दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे ढकलण्याची आहे, गोठलेल्या काचेसारख्या थरावर थांबण्याची नाही. महिनोन्‌महिने बर्फ असेल तर हिवाळ्याचे वेगळे चार टायर घ्या, टू-व्हीलला तर जास्तच गरज. आणि वर सांगितलेल्या वाळूच्या पिशव्या, त्या फोडून वाळू चाकाखाली टाकायलाही होते.

सर, हवेचा गोंधळ सांगा एकदा. दारावर ३५ लिहिलंय, टायरवर ८०, टायरवाला म्हणतो ५० ठेवा, आणि वाळूतून जाणारे म्हणतात २० करा.

चारही आकडे खरे आहेत, चार वेगवेगळ्या गोष्टींचे.

दारावरचा ३५ हा कंपनीने गाडीबरोबर दिलेल्या टायरचा, गार टायरचा आकडा. गार म्हणजे गाडी तीन-चार तास उभी असताना. टायरवरचा ८० ही त्या टायरची जास्तीत जास्त वजनाला लागणारी हवा, रोज तेवढी भरायची नाही. रिकाम्या गाडीत ८० भरली तर टायर दगडासारखा होतो, मधल्या पट्ट्यावरच चालतो, मधूनच झिजतो, आणि ओल्यात तर विचारूच नका, मागचं टोक नाचतं. टायरवाल्याचे ५० कदाचित भरल्या हौद्याला बरोबर असतील, पण तुमचं वजन न विचारता सांगितले असतील तर अंदाजच. वजन आणि तक्ता जुळवा. मी रोजच्या मालाला एक आकडा आणि पूर्ण लोडला एक आकडा असे दोन आकडे खडूने ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाच्या आत लिहून ठेवायचो.

आकडा बरोबर आहे का ते बघायची जुनी युक्ती, टायरच्या तळव्यावर आडवी जाड खडूची रेघ मारा आणि सपाट रस्त्यावर पन्नास-शंभर मीटर सरळ चालवा. रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी पुसली तर ठीक. अगदी काटेकोर नाही, आणि यावरून तक्त्याच्या खाली कधी उतरायचं नाही, पण रिकाम्या गाडीत उगीच भरलेली जादा हवा लगेच दिसते.

आता वाळूतले २०. हवा कमी केली की टायर खाली पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, चाक रुतायच्या ऐवजी वर तरंगतं. टू-व्हीलला वाळूत नक्षीपेक्षा याचा जास्त उपयोग होतो, खोल दातांचा टायर उलट वाळू खोदत खाली जातो. पण हे रिकाम्या किंवा हलक्या गाडीला, सावकाश, वळण जपून, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. आणि डांबरावर परत आल्याबरोबर हवा भरायची. कमी हवेवर वेगात गेलात तर साईडवॉल आतून तापते आणि टायर फुटतो. बॅटरीवरचा छोटा कॉम्प्रेसर आणि स्वतःचं गेज गाडीत नसेल तर हवा सोडूच नका. थंडीत आकडा आपोआप उतरतो, साधारण ५ ते ६ अंशाला १ पीएसआय, म्हणून ऋतू बदलला की परत तपासा.

दादा, मी जनावरांची डॉक्टर आहे, औषधं आणि सामान घेऊन गोठ्यागोठ्यांवर फिरते. एटी टाकून वर्ष झालं, कच्च्यात काही तक्रार नाही. पण आता डांबरावर घूं घूं असा आवाज येतो, बेअरिंग गेलंय असं वाटून तपासलं तर बेअरिंग ठीक निघालं.

ताई, आधी बेअरिंग तपासलंत हे फार बरं केलंत. आता गाडी उभी करून पुढच्या टायरच्या तळव्यावर हात फिरवा, एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे. एका दिशेने हात सरळ घसरेल आणि दुसऱ्या दिशेने ठोकळ्यांच्या कडा करवतीच्या दातासारख्या बोटांना लागतील. हाच तुमचा आवाज. एटीचे ठोकळे सुटे सुटे असतात, रस्त्यावर टेकताना वाकतात, आणि त्यांची एक कड जास्त झिजते. एकाच जागी जास्त दिवस राहिले की हा करवतीपणा पक्का होतो आणि मग पूर्ण जात नाही.

इलाज म्हणजे टायर फिरवणे, दर ८ ते १० हजार किलोमीटरला. मागून ओढणाऱ्या गाडीत मागचे दोन सरळ पुढे आणायचे, पुढचे दोन आडवे करून मागे न्यायचे, म्हणजे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. पण आधी साईडवॉलवर बाण आहे का बघा, बाण असेल तर तो टायर एकाच दिशेने फिरायचा, तो बाजू बदलत नाही. सोबत अलाइनमेंट बघून घ्या, गोठ्यांच्या वाटेवर दगडाला चाक आपटलं की ते हलतंच. आवाज हळूहळू कमी होईल, अगदी बंद होईल असं मी म्हणणार नाही. आणि चाकं काढून बसवली की ८०-१०० किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्या, हे दहापैकी नऊ जण करत नाहीत.

एटी टायर थोडे वापरलेले, नक्षी जवळजवळ पूर्ण, निम्म्या पैशात मिळतायत. घेऊ का? कामाला सुरुवात करतोय, हातात पैसे कमी आहेत.

हात आखडता असताना मोह होतो, मी समजू शकतो. घेण्याआधी टॉर्च घेऊन जा. साईडवॉलवर डॉट अशी अक्षरं असतील, त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याची तारीख, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, बाहेर दिसली नाही तर आत बघा. नक्षी भरपूर पण टायर सात-आठ वर्षांचा असेल तर सोडा, रबर न चालताही कडक होतं आणि कडक रबर ओल्यात घसरतं. मग खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत का, साईडवॉलवर कुठे फुगा किंवा बाहेरून चिकटवलेलं रबर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतली बाजू बघा. रिमवरून काढायला लावा. आत काळी भुकटी किंवा साईडवॉलच्या आत गोल घासल्याची रेघ दिसली तर तो टायर हवेशिवाय चालवलेला आहे, त्याचे दोरे मेलेत, बाहेरून कितीही नवा दिसो. विकणारा रिमवरून काढून दाखवायला तयार नसेल तर तिथून निघा आणि त्याच पैशात चार साधे, नवे, बरोबर लोड इंडेक्सचे हायवे टायर घ्या. वाळूच्या दोन पिशव्या टाकून त्यांच्यावर पहिला हंगाम नीट निघेल, एटी पुढच्या वेळी घेता येतील.